फ्लॅपवाल्या कंट्रोल-लाइन विमानाचा पंख बांधताना या चुका टाळा

दिवाळीनंतर सोयाबीन निघालं की आमच्या आर्वीकडची वावरं मोकळी होतात. अशाच एका वावरात आमचं नवं कंट्रोल-लाइन विमान, म्हणजे हातातल्या तारांना बांधून आपल्याभोवती गोल उडवायचं मॉडेल, पहिल्यांदा उडवलं. सरळ फेऱ्या झकास झाल्या. दुसऱ्या लूपला मात्र विमानानं कूस बदलली, तारा ढिल्या पडल्या आणि सहा आठवड्यांची मेहनत धुऱ्यावर जाऊन आपटली. सोबतच्या पोट्ट्यानं तुकडे गोळा करता करता विचारलं, "सर, इंजिन तर चांगलं बोलत होतं, मंग हे लोळलं काऊन?"

घरी येऊन एक फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) बोटात घट्ट धरला आणि दुसरा हलवला. तो करंगळीच्या पेराएवढा सहज सरकला. उत्तर तिथंच मिळालं.

बिनफ्लॅपचा पंख थोडं वाकडंतिकडं काम पोटात घालतो, फ्लॅपवाला घालत नाही. एलिव्हेटर (शेपटीची हलती पट्टी) वर गेला की फ्लॅप खाली जातात, पंखाची उचल वाढते आणि विमान न दबता कोपरा, म्हणजे झटक्याचं वळण, घेतं. अमेरिकेच्या जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या 'नोबलर' या मॉडेलनं १९५२ साली ही रचना घराघरात पोचवली आणि स्टंटची, म्हणजे कसरतीची, विमानं आजही बहुतेक त्याच वाटेनं जातात. पण डावा आणि उजवा फ्लॅप एकसारखा नसला तर जे बळ कोपरा काढायला हवं, तेच विमानाला आडवं करतं.

टेबल वाकडं, तर पंख वाकडा

माझी पहिली चूक इथली. जुन्या सागवानी दाराच्या फळीवर पंख मांडला. पावसाळ्यात ती फळी दोन-तीन मिलिमीटर वाकली होती, आणि तेवढाच पीळ पंखात उतरला. आता मी मार्बलच्या दुकानातून ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला लांब तुकडा आणतो आणि स्पिरिट लेव्हल लावून बसवतो. ग्रॅनाइटमध्ये टाचणी जात नाही, म्हणून सगळ्या रिबमध्ये (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) सारख्या जागी दोन भोकं पाडून त्यातून दोन सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या ओवायच्या. स्पार (पंखाचा लांब कणा) आणि दोन्ही कडा चिकटून वाळल्या की नळ्या ओढून काढायच्या. रिब कापायचा साचा सनमायकाचा करावा. सुताराकडं तुकडे फुकट मिळतात आणि ब्लेडनं कड खराब होत नाही.

पीळ तपासायला दोन सरळ पट्ट्या पुरतात. एक पंखाच्या मध्यावर, एक टोकाजवळ आडवी ठेवायची आणि टोकाकडून एक डोळा मिटून बघायचं. पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर कापड किंवा फिल्म चढवायची घाई करू नका. ताणानं पीळ आपोआप निघेल ही आशा मीही धरली होती.

बाल्सा, म्हणजे पंखाचं हलकं लाकूड, कुरिअरनं येतो आणि महाग पडतो, म्हणून काही जण आपल्याकडची काटेसावर वापरून बघतात. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पण सावरीचं लाकूड चांगल्या बाल्साच्या दुपटीहून जड भरतं. शोभेच्या मॉडेलला चालेल, या पंखाला नाही. बाल्साच्याही दोन पट्ट्यांत वजनाचा फरक असतो, तेव्हा डाव्या-उजव्या बाजूचं लाकूड तोलून जोड्या लावा.

बेलक्रँक: एकदा झाकला की गेला

बेलक्रँक म्हणजे तारांची ओढ फ्लॅप आणि एलिव्हेटरकडं नेणारा पंखातला फिरता तुकडा. पंख बंद झाल्यावर त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. तरी बहुतेक जण तो एका प्लायच्या तुकड्यावर स्क्रूनं लटकवून मोकळे होतात. त्याच्या खिळीला खालून आणि वरून, दोन्हीकडून आधार हवा, आणि तो आधार स्पारला बांधलेला हवा.

ओढ किती बसते त्याचा साधा हिशेब करा. १.२ किलोचं विमान २० मीटरच्या तारांवर पाच सेकंदांत फेरी मारत असेल तर त्याचा वेग सेकंदाला २५ मीटर होतो, आणि तारांवर जवळपास चार किलोची ओढ येते. हे शांत, सरळ उड्डाणात. त्यात वाऱ्याचा झटका आला की आणखी. स्पर्धेत म्हणूनच विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तपासतात. घरी रद्दीवाल्याकडं असतो तसा हुकाचा काटा घ्या, एकानं पंख मध्यभागी धरायचा आणि दुसऱ्यानं लीड-आउट (बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या तारा) ओढून काटा १२ किलोवर न्यायचा. कुठं 'कट्ट' वाजलं तर टेबलावर वाजलं याचा आनंद माना.

मग त्याच ओढीत बेलक्रँक हलवून बघा. लीड-आउट रिबच्या भोकाला घासत असेल तर सैल हातात कळत नाही, ताणावर कळतं. सगळं जोडून झाल्यावर पंख उभा धरला की फ्लॅप स्वतःच्या वजनानं पडायला हवेत. थोडंही अडकत असेल तर विमान मध्यावर स्थिर राहणार नाही, सतत मध्य शोधत वरखाली करेल.

फ्लॅपचा हॉर्न

माझं विमान पडलं ते याच्यामुळं. हॉर्न म्हणजे दोन्ही फ्लॅपना जोडून फिरवणारी तार आणि तिचा मधला दांडा. पियानो वायर (कडक पोलादी तार) हाताशी नव्हती म्हणून सायकलच्या स्पोकचा हॉर्न केला. दोन मिलिमीटरची तार, बेलक्रँककडून येणारी ढकलदांडी (पुशरॉड) मध्ये जोडलेली. हवेचा दाब आला की तार पिळायची आणि एक फ्लॅप मागं राहायचा. हॉर्नला तीन मिलिमीटरची पियानो वायरच घ्या आणि मधला दांडा चांदीच्या सोल्डरनं नीट बसवून घ्या. फ्लॅपही मऊ लाकडाचा नको. टोकाला धरून पिळून बघा, चिंधीसारखा वळत असेल तर बदला.

दिशेचा घोळ तर भल्याभल्यांचा होतो. फ्लॅपच्या हॉर्नचा दांडा वर असेल तर एलिव्हेटरच्या हॉर्नचा खाली हवा. दोन्ही एकाच बाजूला ठेवले की दोन्ही पृष्ठं एकाच दिशेनं हलतात, आणि विमान कोपरा घ्यायचा सोडून म्हशीसारखं अडून बसतं.

बिजागरी चिकटवण्यापूर्वी सांध्यावर टूथपिकनं किंचित व्हॅसलीन लावा. अराल्डाइट आत उतरला की पुन्हा निघत नाही. फ्लॅप आणि पंखामधली फट पातळ टेपनं बंद करा.

कूलर आणि कोठा

उन्हाळ्यात आपण बसणार कूलरसमोरच. पण त्या ओल्या हवेत डोप (पंखाच्या कापडावर मारायचा ताण देणारा लेप) मारला की पांढरा पडतो, आणि ओलसर झालेला बाल्सा बाहेर ४५ अंशांत वाळताना वाकतो. डोप पहाटे मारा, कूलर बंद ठेवून. तयार पंख टिनाखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. फिल्म ढिली पडते आणि पंख मनाला येईल तसा वळतो. मी पंख आता घराच्या मधल्या खोलीत, खुंटीला मध्यभागी टांगतो.

वावरात गेल्यावर

पंखाच्या बाहेरच्या, म्हणजे आपल्यापासून लांबच्या, टोकात थोडं वजन लागतं, कारण आतल्या बाजूला तारांचा भार असतो. पंख चिकटवताना ते कायमचं कोंडू नका, छोटी उघडता येणारी खिडकी ठेवा. टायरच्या दुकानातले व्हील बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे उत्तम. सुरुवात ३० ग्रॅमनं करा. लीड-आउट जिथून बाहेर येतात ती जागाही मागंपुढं सरकवता यावी.

आता निदान. विमान आधी सरळ उडवा, मग उलटं. बाहेरचं टोक दोन्ही वेळेला जमिनीकडं झुकत असेल तर वजन जास्त आहे, पाच-पाच ग्रॅम काढा. सरळ असताना झुकतं आणि उलटं असताना वर उचललं जातं, तर दोष पिळाचा किंवा फ्लॅपचा. वजनाला हात लावू नका, बाहेरचा फ्लॅप आतल्यापेक्षा केसभर खाली वळवा. केसभर म्हणजे केसभर. एकदा मी दोन मिलिमीटर वळवला आणि विमान दुसऱ्या बाजूला लोळलं.

आणि वावर निवडताना वर बघा. आपल्याकडं पंपासाठी विजेची लाइन कुठूनही गेलेली असते, आणि आपल्या हातात वीस मीटर लांब स्टीलच्या तारा असतात. लाइन दिसली की सामान पुन्हा गाडीत टाकायचं. परवा आम्ही तसेच परत आलो, तो पोट्टा गावापर्यंत तोंड फुगवून बसला होता.