व्हॉल्व्ह अँप्लिफायर चालू करताना चढणारा व्होल्टेज

व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, घरी बांधलेल्या अँप्लिफायरमध्ये गाणं चालू असताना पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर (चार्ज साठवून डीसी सपाट करणाऱ्या भागावर) ३९० व्होल्ट दिसायचे. स्विच टाकताच मात्र मीटरचा आकडा सरसर ४६६ वर जायचा आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत तिथेच राहायचा. कपॅसिटर होता जास्तीत जास्त ४५० व्होल्ट सोसणारा! एसीचं डीसी करणारे सिलिकॉन डायोड लगेच काम सुरू करतात, पण व्हॉल्व्हमधले कॅथोड (तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारे भाग) थंड असल्याने करंट ओढणारं कुणीच नसतं. मग कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या ३३० व्होल्ट एसीच्या शिखरापर्यंत, म्हणजे थेट १.४१४ पट चढतो.

मी १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सीरिजमध्ये लावले आणि प्रत्येकावर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर. त्यामुळे व्होल्टेज दोघांत सारखा वाटला जातो. पुढच्या चोकनंतरही (डीसी आणखी सपाट करणाऱ्या तारेच्या गुंडाळीनंतरही) तेवढाच व्होल्टेज येतो, म्हणून तिथेही अशीच जोडी.

स्विच बंद केल्यावर हेच रेझिस्टर साठलेला चार्ज उतरवतात. व्हॉल्व्ह काढलेले असले तरी ५० व्होल्टखाली यायला साधारण ५० सेकंद लागतात. हा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण प्लग काढलेला अँप्लिफायरही जीव घेऊ शकतो. तरीही आत हात घालण्याआधी दर वेळी मीटर लावतोच, तेही एक हात पाठीमागे ठेवून. रेझिस्टर आतून तुटलेला असला तर बाहेरून कळत नाही.