परसातला मोठा बुडखा मुळासकट कसा काढावा

झाड पडले किंवा तोडले, फांद्या उचलल्या, खोडाचे ओंडके वखारीत गेले, की काम संपले असे बहुतेकांना वाटते. खरे कष्टाचे काम मात्र तेव्हाही जमिनीतच असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात माड, पोफळी, आंबे, फणस आडवे केले, त्यात आमच्या परसातला जुना रायवळ आंबाही मधोमध मोडला. उरलेले खोड पायात येऊ नये म्हणून आम्हीच लाकूडतोड्यांना ते जमिनीलगत साफ कापायला सांगितले आणि तिथेच चुकलो. बुडखा उपटायचाच असेल, तर निदान चार फूट खोड उभे ठेवायला हवे, कारण तीच तुमची तरफ असते. चार फुटांवर दोर बांधून ओढल्यास जी ओढ पुरते, ती जमिनीलगतच्या थोटकाला मुळीच पुरत नाही. त्याला धरायला जागाच नसते. आम्हाला पुढे जे सहा दिवस खणावे लागले, त्यातले निम्मे या एका कापामुळे वाया गेले.

वादळात मुळासकट उन्मळलेल्या झाडाची गोष्ट निराळी आणि अधिक धोक्याची आहे. आडव्या खोडाच्या वजनामुळे मुळांचे चाक उभे राहिलेले असते. खोड बुंध्याजवळ कापले, की ते चाक एकाएकी पुन्हा खड्ड्यात बसते. म्हणून कापताना त्या खड्ड्यात किंवा चाकाच्या मागे कोणीही, विशेषतः गंमत पाहणारी मुले, असता कामा नये.

शहरी हद्दीत काम असेल, तर फावडे उचलण्यापूर्वी नगरपालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्यावे. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार नागरी क्षेत्रात झाड तोडायला परवानगी लागते, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांसाठी नियम अधिक कडक झाले आहेत, आणि धुमारे फुटलेला बुडखा मेलेलाच आहे असे आपणच ठरवून मोकळे होणे बरे नव्हे. त्याच सुमारास पाण्याचा पाइप, विजेची केबल, अर्थिंग आणि शोषखड्डा कुठून जातो हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारावे. मुळे पाण्याकडे जातात, त्यामुळे जुना पाइप पुष्कळदा नेमका मुळांच्या मिठीत सापडतो.

झाड कोणते, यावर अर्धे काम ठरते. माड आणि पोफळीला सोटमूळ नसते, दोरीसारख्या तंतुमुळांचा गड्डा असतो. तो खणायला सोपा, पण त्याच्या काथ्याने करवतीचे दात लवकर बोथट होतात. गुलमोहराची मुळे उथळ आणि दूरवर पसरलेली असतात. बाभूळ खोल जाते आणि तिचे लाकूड लोखंडासारखे असते. आंब्याचे म्हणाल, तर कलम असले तरी त्याचा खुंट कोयीपासूनच वाढलेला असतो, त्यामुळे खाली सोटमूळ असणार असे धरूनच चालावे. सुबाभूळ, निलगिरी, चिंच आणि कडुनिंब कापल्यावर पुन्हा जोमाने फुटतात, म्हणून तिथे नुसते दुर्लक्ष करून भागत नाही.

खणायला पावसाळा सरल्यानंतरचे दिवस उत्तम. देशावरच्या काळ्या जमिनीत वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की टिकाव लोण्यात गेल्यासारखा जातो. तीच माती भर पावसात फावड्याला चिकटून बसते आणि मे महिन्यात दगड होते. कोकणात मुळे जांभ्याच्या भेगांत शिरलेली असतात आणि तिथे टिकावापेक्षा पहारच जास्त चालते.

बुडखा दोन फूट व्यासाचा असेल, तर सालीपासून दीड फूट अंतर सोडून भोवती गोल आखावा आणि तिथून आत खणत यावे. आडवी मुळे बहुतेक वरच्या दोन फुटांतच भेटतात. मूळ दिसले, की लगेच कुऱ्हाड चालवू नये. आधी त्याच्या खालची माती हाताने किंवा खुरप्याने मोकळी करून नळीच्या पाण्याने मूळ धुऊन घ्यावे, कारण मातीतली खडी कुऱ्हाडीची धार एका घावात घालवते आणि चेनसॉची साखळीही लगेच बोथट करते. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडावे, एकदा बुडख्याजवळ आणि एकदा खड्ड्याच्या कडेला, आणि मधला तुकडा बाहेर काढावा. एकाच ठिकाणी तोडलेली मुळे खड्ड्यात आडवी पडून राहतात, पाय अडकतो आणि पुढच्या मुळावर घाव घालायला जागा उरत नाही. घराच्या जोत्याखाली गेलेले मूळ ओढू नये, जोत्यापाशी कापून तिथेच ठेवावे. ते ओढताना जोत्याचे दगड हलतात.

आंब्याचा चीक अंगावर उठतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे हवेतच. पोकळ बुडख्यात हात घालण्याआधी काठी फिरवावी. आमच्याकडच्या मजुराने नेमकी काठी घातली म्हणून बरे, आत फुरसे हा विषारी साप होता.

आडवी मुळे सुटल्यावर बुडखा हलतो आहे असे वाटते, पण तो नुसताच डुलत असतो. आमचा बुडखा पाचव्या दिवशी संध्याकाळी पहारेने चांगला चार बोटे सरकत होता, तरी निघेना. शेवटी एका कुशीला अडीच फुटांपर्यंत खणून आत टॉर्च मारला, तेव्हा मांडीएवढे सोटमूळ जांभ्याच्या फटीत पाचरीसारखे ठोकलेले दिसले. अशा वेळी सगळा खड्डा खोल करत बसू नये. एकाच बाजूने माणूस बसेल एवढी जागा करून, बुडखा वरून लाकडी टेकूंनी अडवून, सोटमूळ करवतीने कापावे. कापताना डोके आणि पाय बुडख्याखाली येऊ देऊ नयेत. दोन फूट व्यासाचा, तीन फूट उंचीचा ओला तुकडा मुळे व माती सोडूनच दोन-अडीचशे किलोंचा भरतो.

मग ओढ. चेनपुली सरळ वर उचलायला चांगली, आडवे ओढायला मात्र टिरफोर, म्हणजे दांड्याने तारेचा दोर खेचणारे हातयंत्र हवे, आणि ते बांधण्यासाठी फाटकाचा खांब किंवा भिंत कधीही वापरू नये. शेजारचे दणकट झाड असेल तर त्याच्या सालीवर गोणपाट गुंडाळून बांधावे. ट्रॅक्टर लावायचा असेल, तर साखळी मागच्या खालच्या हुकालाच अडकवावी. उंचावर अडकवली तर बुडखा जागचा हलत नाही आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हिसका देऊ नये, हळूहळू ताण वाढवावा, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. जेसीबी दारापर्यंत येत असेल तर यातले बरेचसे काम तासाभरात उरकते. आमच्याकडे यायला पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची अरुंद वाट आहे, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता.

घाई नसेल आणि बुडखा घरापासून लांब असेल, तर तो कुजवता येतो. वरच्या कापावर इंचभर व्यासाची, आठ-दहा इंच खोल भोके वितीवितीवर पाडावीत, त्यांत युरिया आणि पाणी भरावे, वर शेण व पालापाचोळ्याचा थर देऊन तो ओला ठेवावा. नत्र मिळाले, की बुरशीचे काम वेगाने चालते, तरी मोठ्या बुडख्याला दोन-तीन पावसाळे लागतात. धुमारे वीतभर होण्याआधीच खुडत राहावे, म्हणजे मुळांतला साठा संपतो. मोरचूद घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो विचित्रच आहे, कारण मोरचूद हे बोर्डो मिश्रणातले बुरशीनाशक, आणि लाकूड कुजवते ती बुरशीच. हिंगाबद्दल तर ऐकून सोडून द्यावे. मिठाने जमीन बिघडते. रॉकेल ओतून पेटवलेला बुडखा वरून विझल्यासारखा दिसला, तरी मुळांतून कित्येक दिवस आत धुमसतो आणि आग भलत्याच ठिकाणी वर येते.

माडाचा बुडखा मात्र बागेत कुजायला ठेवू नये. त्यात गेंडा भुंगा अंडी घालतो, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या चांगल्या माडांच्या शेंड्यांत झावळ्या कातरलेल्या दिसू लागतात. घराच्या लाकडी चौकटींजवळचा कोणताही बुडखा वाळवीला आमंत्रण असतो.

पाच फूट व्यासाचा, तीन फूट खोल खड्डा जवळपास साठ घनफुटांचा, म्हणजे अर्ध्या ब्रासहून (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडा अधिक भरतो. काढलेली माती परत घातली तरी बुडख्याएवढी तूट पडतेच, त्यासाठी बाहेरची माती आधीच आणून ठेवावी. वीतवीतभर थर घालून प्रत्येक थर पाण्याने बसवावा आणि शेवटी जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवावे. पहिल्या पावसात ते खाली बसते. राहिलेली बारीक मुळे कुजेपर्यंत तिथली जागा खचत राहते, म्हणून वर्षभर तिथे फरशी किंवा नवे कलम नको, अळू किंवा हळद चालेल. बुडख्याचे लाकूड वाकड्या रेषांचे असल्यामुळे ओले असतानाच पाचर आणि घणाने फोडून घ्यावे. वाळल्यावर ते फुटत नाही. आमचे तुकडे दुसऱ्या उन्हाळ्यात न्हाणीघराच्या चुलीला लागले.