कच्छला फॉसिल बघायला जाताय? मग आधी बॅगेत हे भरा

आपल्याकडे पुण्या-नाशकात पायाखाली सगळा लाव्हाचा काळा कातळ, त्यात समुद्री जीव कुठून सापडणार, म्हणून अमोनाइट (चक्राकार शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री जीव) बघायचे तर भूजची ट्रेन पकडायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलंच तिकीट काढा, नंतर ऊन झेपत नाही. आपण जिथे फॉसिल बघणार तो कच्छमधल्या जुमारा गावाचा भाग रणाच्या कडेला, बॉर्डर फार लांब नाही, त्यामुळे परवानगी लागते का हे निघायच्या आधीच विचारून ठेवा.

जायच्या आधी एक सराव नक्की करा. कोकणात गेलात की तिसऱ्यांचे शिंपले घेऊन या आणि नीट बघा, दोन झाकणं एकमेकांची आरशातली जोडी असतात, पण एकच झाकण घेतलं तर त्याची डावी-उजवी बाजू सारखी नसते. ब्रॅकिओपॉड म्हणजे शिंपल्यासारखाच दिसणारा पण वेगळ्या गटातला समुद्री जीव, त्याचं बरोब्बर उलटं, झाकणं दोन वेगळी पण प्रत्येकाचे मधोमध दोन सारखे भाग पडतात. कालवं वगैरे हा नियम पाळत नाहीत, पण हे एवढं डोळ्यात बसलं तरी फील्डवर अर्धा गोंधळ कमी होतो. आणि घरच्या देवघरात शाळिग्राम असेल तर तो हातात घेऊन बघा, गंडकीतला तो चक्रवाला दगड म्हणजे अमोनाइटच, कच्छमध्ये त्याचेच भाऊबंद भेटणार आहेत. बंदुकीच्या गोळीसारखं लांबट काही दिसलं तर ते बेलेम्नाइट, माखलीच्या नामशेष नातेवाइकाच्या शरीरातला कठीण भाग.

बॅगेत हातोडी, छिन्नी, गॉगल (कपची डोळ्यात उडते, हा विसरायचा नाही), 10 पट भिंग, कंपास, टोपी, माणशी 4-5 लिटर पाणी. चुनखडी ओळखायला वापरतात ते ॲसिड ट्रेनमध्ये नको. रद्दी पेपर भरपूर घ्या, झिपवाल्या पिशव्या, परमनंट मार्कर, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही.

वहीचं मी सगळ्यात जास्त सांगेन. पहिल्या ट्रिपला मी पिशवीभर सुंदर नमुने आणले आणि कुठला कुठल्या थरातला हे लिहिलंच नाही, त्यांचा अभ्यासाला काही उपयोग झाला नाही, अजून वाईट वाटतं. म्हणून उचलायच्या आधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, मग नंबर दगडावर, पिशवीवर आणि वहीत तिन्हीकडे टाका. थरात घट्ट बसलेला की उतारावरून घरंगळत आलेला हेही लिहा, घरंगळलेला वरच्या कुठल्याही थरातला असू शकतो.

जुमाऱ्याला घुमटासारखे वाकलेले थर वरून झिजलेत, म्हणजे मधे सगळ्यात जुने आणि बाहेर जाल तसे नवे, त्यामुळे मधूनच चालायला सुरुवात करा. कडेला ढोसा ऊलाइट लागेल, लोहाच्या बारीक मण्यांचा तांबूस थर, साधारण 16 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ, अमोनाइट गच्च भरलेले. तिथे हातोडी बॅगेतच राहू द्या. सुटे पडलेले पुष्कळ आहेत, जमिनीच्या मालकाला विचारून त्यातले दोन-तीन घ्या, बाकीचे पुढच्या बॅचला बघू देत.