मोठी प्रोमो कार्डं विदर्भाच्या हवेत सरळ कशी ठेवायची

पोकेमॉन आणि मॅजिक हे जमवायच्या छापील कार्डांचे खेळ, आणि त्यांत नेहमीपेक्षा मोठ्या मापाची 'प्रोमो' म्हणजे जाहिरातीची किंवा भेटीची कार्डंही निघतात. पोकेमॉनचं असं जम्बो कार्ड स्पर्धेच्या डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्यात, चालत नाही. मॅजिकच्या २०११ च्या कमांडर डेकसोबत आलेली तीन-तीन मोठी फॉइल (चकाकत्या थराची) कार्डंसुद्धा शोभेचीच. मॅजिकमधली २००९ ची प्लेनचेस आणि २०१० ची आर्चएनेमी ही कार्डं मात्र त्या-त्या घरगुती डावात खरोखर वापरली जातात. बाकी बहुतेक मोठी कार्डं ठेवून द्यायचीच असतात, आणि मे महिन्यात ४५ अंश नि जुलैत भिंतीला ओल अशा गावात नेमकं तेच अवघड जातं.

आधी पट्टी घेऊन माप काढा. साधं पोकेमॉन किंवा मॅजिक कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं. मॅजिकची वर सांगितलेली मोठी कार्डं ८९ बाय १२७ भरतात आणि पोकेमॉन जम्बो साधारण ए-५ कागदाएवढं. 'ओव्हरसाइज' असं छापलेलं पाकीट डोळे झाकून मागवू नका, त्या नावाखाली तीन-चार मापं विकली जातात. ८९ बाय १२७ चं कार्ड ४ बाय ६ इंचाच्या फोटो अल्बमच्या कप्प्यात थोडं सैल बसतं. जम्बोसाठी तालुक्याच्या स्टेशनरीत मिळणारी ए-५ क्लिअर फाइल चालते.

फाइल कोणत्या प्लास्टिकची आहे हे दुकानदाराला बहुधा ठाऊक नसतं. घरी कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कापा आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिथिन, बिनधास्त वापरा. तळाला गेला आणि प्लास्टिक लवचीक, जाड, नव्या रेक्झिनसारख्या वासाचं असेल तर ते पीव्हीसी समजा आणि परत करा. मऊ पीव्हीसीत घातलेलं तेल उन्हाळ्यात पाझरतं, कार्डाच्या शाईला चिकटतं आणि सोडवताना चित्र घेऊन निघतं. टॉपलोडर म्हणून मिळणारी कडक पाकिटंही पीव्हीसीचीच असतात, पण त्यात हे तेल जवळपास नसतं. तरी कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या खोळीत) आणि मगच टॉपलोडरमध्ये.

फॉइल कार्ड वाकतं ते कशानं? कागद ओल पितो, फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. फॉइलचा थर मात्र आहे तेवढाच राहतो. दोन्ही एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे कार्डाला वळावंच लागतं. चित्र वर करून कार्ड काचेवर ठेवा. कडा टेकलेल्या आणि मधला भाग उचललेला दिसला तर कागद कोरडा पडलाय, हे एप्रिल-मेचं वळण. कडा उचलून मधोमध वाटीसारखा खोलगटपणा आला असेल तर कागदानं ओल खाल्लीय. ते श्रावणातलं. उपाय दोन्हींचे उलटे आहेत, म्हणून दिशा न बघता हात लावू नका.

मोठ्या कार्डात हे जास्त दिसतं, कारण वळण तेवढंच असलं तरी उंची लांबीच्या वर्गानं वाढते. ८८ मिलिमीटरचं कार्ड १ मिलिमीटर उचललं जातं तिथे २०५ मिलिमीटरचं ५ मिलिमीटरच्या वर जातं. छोट्या कार्डांच्या डब्यात वर्षभर काही बिघडलं नाही म्हणून जम्बोही तिथंच टाकणं इथे अंगाशी येतं.

कागदाला मानवणारी आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. ती मोजायला छोटा डिजिटल मीटर घ्या. स्वस्त मीटर दहा-दहा टक्के खोटं बोलतात, म्हणून आधी मिठानं तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मीटर एका घट्ट झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी मीटरवर ७५ दिसायला हवे. ६९ दिसले तर यापुढे प्रत्येक आकड्यात ६ मिळवायचे, आणि हे मीटरच्या पाठीवर पेनानं लिहूनच ठेवा.

आता डबा. स्वयंपाकघरात वापरतात तसला, झाकणाला रबर आणि चारही बाजूंना क्लिप असलेला १० लिटरचा प्लास्टिक डबा पुरतो. कार्डं आडवी ठेवा. उभी ठेवली तर जम्बो स्वतःच्या वजनानं कंबरेत वाकतं. दर दोन कार्डांमध्ये ए-५ मापाचा आम्लमुक्त माउंटबोर्ड (फोटोमागे लावतात तो जाड पुठ्ठा) घाला. आठ-दहा कार्डांवर थर चढवू नका, खालच्यांच्या फॉइलवर दाब उमटतो. उरलेल्या जागेत आणखी बोर्ड भरा. डब्यातल्या हवेत पाणी फारच थोडं असतं, खरा साठा कागदात असतो. कोरडा किंवा ओला काळ आला की हे जास्तीचे बोर्ड आधी देतात-घेतात आणि कार्डांवरचा झटका कमी होतो.

डबा कधी बंद करता यावर निम्मा निकाल लागतो. पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास घरातला मीटर ५० च्या आसपास आला की कार्डं आणि बोर्ड दोन-तीन दिवस सावलीत उघडी ठेवा आणि मग क्लिप लावा. नवतपा चालू असताना बंद केलेला डबा पोळ्यापर्यंत कोरडाच राहील आणि कार्डं फुगीर निघतील. मिरगानंतर भरलेल्या डब्यात उलट होईल.

मृग लागण्याआधी १० लिटरच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल सुती पुरचुंडीत घाला आणि आठवड्यातून एकदा मीटर बघा. ४५ वर आला की पुरचुंडी काढा. ती तशीच राहिली तर भर पावसातही कार्ड उन्हाळ्यासारखं फुगतं. जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो घातक. ओल पिऊन नारिंगी हिरवट झालं की जुन्या तव्यावर वाळू पसरून मंद आचेवर हलवत तापवा, रंग परत येतो. आच मोठी केली तर दाणे काळपट पडतात आणि पुढे रंगावरून काही कळत नाही. गार करताना स्टीलच्या डब्यात झाकून ठेवा, नाहीतर गार होता होताच परत ओल ओढतात. हा तवा पुन्हा पोळीला नको.

खर्चाची तयारी असेल तर वाद्यांसाठी विकतात ते आर्द्रता ४९ टक्क्यांवर राखणारं दुतर्फी पाकीट उत्तम. ते ओल घेतं आणि सोडतंही. मात्र सिलिका जेल आणि हे पाकीट एकाच डब्यात टाकू नका. जेल पाकिटातलं पाणी ओढत बसतं आणि आठवडाभरात दोन्ही निकामी.

कूलरची खोली कार्डांना सर्वांत वाईट. बाहेर हवा कोरडी ठाक, आत वाळ्याच्या ताट्यांतून पाणी मारलेली. दिवसा मीटर ७० वर, रात्री लाइन गेली की झपकन खाली. हा रोजचा हेलकावा एका ओल्या महिन्यापेक्षा जास्त कार्डं वाकवतो. टिनाच्या छताखालचा माळा आणि पश्चिमेच्या भिंतीला लागलेली लोखंडी आलमारीही टाळा. मधल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर ठेवलेली फळी आणि त्यावर डबा, इतकं पुरे.

आधीच वाकलेलं कार्ड सरळ करायचं असेल तर घाईनं दाबू नका. ओल दुरुस्त न करता वजन ठेवलं तर कार्ड दाबाखाली सरळ दिसतं आणि काढताच परत वळतं. क्रम असा:

१. कार्ड स्लीव्हमधून काढून, चित्र वर ठेवून, ४५ ते ५० टक्क्यांच्या डब्यात मोकळं ठेवा. फुगीर कार्ड तिथे ओल घेतं, खोलगट सोडतं, आणि चार-पाच दिवसांत बहुतेक वळण आपोआप उतरतं.

२. उरलेल्यासाठी ४ मिलिमीटरच्या दोन काचा घ्या, कडा घासून बोथट केलेल्या. मध्ये कार्ड, दोन्ही बाजूंना स्वच्छ गुळगुळीत कागद.

३. वर कापडात गुंडाळलेल्या दोन विटा, म्हणजे साधारण ६ किलो. आठवडाभर हलवू नका.

इस्त्री, हेअर ड्रायर आणि ऊन हे तिन्ही वर्ज्य. फॉइलचा थर गोंदानं बसवलेला असतो. गरम झाला की कडेनं सुटतो आणि त्याला उपाय नाही. ओलीत दोन कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. जोडीच कोरड्या डब्यात ठेवा, दोन-तीन दिवसांत बऱ्याचदा नखाच्या धक्क्यानं सुटतात.

किडीचं थोडक्यात. कसर कागदावरची खळ खाते आणि उधई मातीच्या भिंतीतून थेट पुठ्ठ्यात शिरते. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं. धान्याच्या कोठीत कार्डं ठेवण्याचा विचारही नको, तिथल्या कीटकनाशक गोळ्यांचा वायू माणसाच्या जिवावर उठतो. रबरवाला डबा आणि विटांवरची फळी एवढ्यानंच बहुतेक काम होतं.

फ्रेम करून घ्यायची असेल तर फ्रेमवाल्याच्या समोर उभं राहावं, कारण सवयीनं तो फेव्हिकॉल लावून हार्डबोर्डवर चिकटवणारच. कार्ड फोटो-कॉर्नरवर बसवा. काच आणि कार्डात ३ मिलिमीटरची पट्टी सोडायला सांगा. काचेला टेकलेलं फॉइल पावसाळ्यात तिला चिकटतं. मागे चारही कोपऱ्यांना रबरी बुटकुल्या लावा म्हणजे ओल्या भिंतीपासून हवा खेळती राहील. ऊन पडणारी भिंत नकोच, आधी लाल-पिवळा उडतो आणि कार्ड निळसर होतं.

विकत घेताना विक्रेत्याकडून तळाच्या कॉपीराइटच्या ओळीचा जवळून काढलेला फोटो मागा. नकली जम्बो बहुधा छोट्या कार्डाचा स्कॅन मोठा करून छापतात, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या दिसतात आणि भिंगाखाली काळी अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची निघतात.

पाठवणाऱ्याला पॅकिंग सांगूनच ठेवा: पुठ्ठ्याचे दोन तुकडे कार्डापेक्षा चारही बाजूंनी २ सेंटिमीटर मोठे, एकाच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. दोन्हींच्या नळ्या एकाच दिशेला असल्या तर पाकीट त्या रेषेवर सहज मोडतं, आणि पोस्टमनच्या सायकलच्या पिशवीत ते मोडतंच. बाहेरून प्लास्टिक हवंच. पत्ता गावाचा देण्याऐवजी तालुक्याच्या पोस्टातून स्वतः उचला, पण मे महिन्यात पार्सल गाडीच्या डिकीत टाकून बाजार करत फिरू नका. एसीतून आलेलं पाकीट पावसाळ्यात घरी आल्यावर तीन-चार तास बंदच राहू द्या, लगेच उघडलं तर थंड कार्डावर दव धरतं.