ऊन, थंडी आणि लहान मुलांचा पक्षाघात

मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे मी. उन्हाळ्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: "ऊन लागलं असेल म्हणून झोपवलं." झोपवण्याआधी एवढं बघा. उन्हाने गळालेलं मूल दोन्ही अंगांनी गळतं. एकच हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर उन्हाला दोष देत बसू नका. पक्षाघात, म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून किंवा फुटून आलेला झटका, आहे असं धरूनच हालचाल करा. मुलांमध्ये सुरुवात कधी कधी आकडीने किंवा एकाएकी उठलेल्या तीव्र डोकेदुखीनेही होते.

निरोगी मुलाला नुसत्या हवामानामुळे असं होणं फार दुर्मीळ, तेव्हा सगळ्यांनीच धास्ती घेऊ नये. जपायचं ते सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार), जन्मजात हृदयदोष आणि मोयामोया असलेल्या मुलांना. मोयामोयात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत जातात.

उन्हाळ्यात खरी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची. रक्त दाटतं, गुठळी व्हायला वाव मिळतो. ज्यांचे ओठ-नखं निळी पडतात, त्या हृदयरुग्ण मुलांचं रक्त बहुधा आधीच दाट असतं. म्हणून तहानेची वाट न बघता थोडं थोडं पाजत राहा. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा द्या. काही हृदयरुग्ण मुलांना मात्र पाणी मोजूनच द्यायचं असतं. त्यांची मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. लघवी वाढवणारं औषध चालू असताना जुलाब-उलट्या लागल्या, तर त्याच दिवशी फोन करा. औषध परस्पर बंद करू नका.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. सिकलसेलच्या मुलाला एकदम बसणारा गारठा वाईट: ओले कपडे, थंड पाण्यात पोहणं, उन्हातून थेट गार एसीत. कपडे एकावर एक घाला, ओले झाले की लगेच बदला. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, तेव्हा आठवण तुम्हीच ठेवा.

मोयामोयाची गोष्ट वेगळी. भराभर, खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूतल्या वाहिन्या आवळतात. म्हणून फुगे फुगवणं नको, गरम खाणं फुंकायला लावू नका, आधी निवू द्या. आणि रडून हुंदके देणाऱ्या मुलाला "रडू दे जरा" म्हणून सोडू नका. इथे लाड केलेले चालतात.

सिकलसेल असेल तर 2 ते 16 वर्षांपर्यंत दरवर्षी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी) होते का, ते विचारा. रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटीमीटर किंवा जास्त निघाला तर धोका मोठा असतो, आणि नियमित रक्त देऊन तो बराच कमी करता येतो. माझ्या मते दहा स्वेटरांपेक्षा ही एक तपासणी मोलाची.

लक्षणं दिसलीच तर रुग्णवाहिका बोलवा. मूल शेवटचं ठीक कधी दिसलं ती वेळ लिहा. कुशीवर झोपवा. तोंडातून काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. ॲस्पिरिन तर नाहीच. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती घात करेल. अंग भाजल्यासारखं तापलं असेल आणि मूल बरळत असेल, तर सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घाला. दहा मिनिटांत हात पुन्हा हलू लागला तरी दवाखान्यात जायचंच, आणि निघताना जुन्या आजाराची फाईल उचलायची.