शुगर लो झाल्याचा अलार्म आहे, तरी धोका टळत नाही? या चुका टाळा

मधुमेह असलेल्या माणसाच्या दंडावर चिकटवलेला सेन्सर शरीरातली साखर मोजतो, फोन अलार्म वाजवतो आणि कुणीतरी उठून साखर देतो. यातलं पहिलं काम सहसा नीट होतं. घोळ होतो तो फोनमध्ये आणि घरात. सेन्सरवर दर पंधरवड्याला हजारो रुपये खर्च होतात आणि फोन मात्र रात्री हॉलमध्ये टीव्हीखाली चार्जिंगला लागलेला असतो, तोही सायलेंटवर. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसासाठी ही चूक जिवावर बेतू शकते.

मुळात तुमच्या यंत्राला अलार्म आहे का?

हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा. फ्रीस्टाईल लिब्रे या सेन्सरची पहिली आवृत्ती आपण होऊन काहीच सांगत नाही. फोन किंवा रीडर (आकडा दाखवणारं सेन्सरचं वेगळं छोटं यंत्र) सेन्सरजवळ नेऊन स्कॅन केलं तरच आकडा दिसतो, आणि सेन्सरमध्ये साठवण असते ती शेवटच्या ८ तासांची. झोपेत साखर ४८ वर आली तर सकाळी आलेखात एक दरी दिसेल, बस. एकट्या राहणाऱ्या किंवा लो झाल्याची लक्षणं न जाणवणाऱ्या माणसाला असं यंत्र अलार्म म्हणून उपयोगाचं नाही. ब्लूटूथने सतत आकडे पाठवणारा सेन्सरच हवा.

सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन स्वस्तात मिळतात, त्या घेऊ नका. सेन्सरशिवाय, स्वतःच रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. सेन्सरचा आकडा नुसता दाखवणारं घड्याळ ही वेगळी गोष्ट. ते चालतं, पण तेव्हाही मोजणारा सेन्सरच असतो.

नातेवाइकांनी परदेशातून आणलेला सेन्सर इथल्या ॲपशी जुळेलच असं नाही, आणि त्यांच्या रीडरवर आकडे इथल्या मिलिग्रॅमऐवजी (mg/dL) मिलिमोलमध्येही (mmol/L) असू शकतात. ३.९ दिसलं तर घाबरू नका. त्याला १८ ने गुणा, ७० येतात.

फोनच अलार्म दाबून टाकतो

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली ॲप्स झोपवतो. सेटिंगमध्ये सेन्सरच्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ऑटोस्टार्टचा पर्याय असेल तर तो चालू करा. नोटिफिकेशन, ब्लूटूथ आणि जवळच्या उपकरणांची परवानगी दिलेली आहे का पाहा. काही फोनमध्ये लोकेशनही चालू लागतं. आयफोनवर ‘क्रिटिकल अलर्ट्स’ला होकार दिलेला असेल तरच सायलेंटवर किंवा डू नॉट डिस्टर्बमध्ये अलार्म वाजतो. सुरुवातीला घाईघाईत ‘नको’ दाबलेलं असतं आणि पुढे कुणी ते बघत नाही.

सवयीने सगळी ॲप्स वर सरकवून बंद करणारे पुष्कळ आहेत. आईच्या फोनवर नातवंडं गेम खेळून झाल्यावर हेच करतात. त्यात सेन्सरचं ॲपही बंद होतं, आणि ते पुन्हा उघडेपर्यंत अलार्म मुका. फोनची सिस्टिम रात्री आपोआप अपडेट होऊ देऊ नका. फोन रिस्टार्ट झाला आणि पासवर्ड टाकायचा राहिला तर सकाळपर्यंत काहीच वाजणार नाही.

‘सिग्नल गेला’ हा अलार्म अनेकजण कटकट म्हणून बंद करतात. तो बंद असेल तर आकडे येणं थांबलंय हेच कळत नाही, आणि घरातली शांतता साखर ठीक असल्याची वाटते. तो चालूच ठेवा.

अंतराचा हिशोबही बघा. मोकळ्या जागेत ब्लूटूथ साधारण ६ ते १० मीटर पोचतं. मधे भिंत आली की कमी, आणि माणूस सेन्सरवर कलंडून झोपला की आणखी कमी, कारण अंगातलं पाणी लहरी शोषून घेतं. म्हणून फोन त्याच खोलीत, उशापाशी हवा. वरचा पंखा आणि एसीच्या आवाजात, त्यातून कान मंद झालेल्या माणसाला बारीक चिरका सूर ऐकूच येत नाही. जाड, लांबणारा सूर निवडा, व्हायब्रेशन चालू करा आणि फोन लाकडी टेबलावर किंवा स्टीलच्या ताटलीत ठेवा. ताटली खणखणते. दिवसा ब्लूटूथ इअरफोन जोडलेले असतील तर काही फोनवर अलार्मचा आवाज त्यांच्यातच जातो. इअरफोन डबीत आणि डबी पिशवीत, असं होऊ देऊ नका.

रेल्वे, बोगदा आणि लॉकर

सेन्सर ते फोन हा मार्ग ब्लूटूथचा, त्याला नेट लागत नाही. ठाण्याहून पुढे लांब पल्ल्याच्या गाडीने जाताना पारसिकच्या बोगद्यात रेंज गेली तरी रुग्णाच्या फोनवर अलार्म वाजेल. पण मुलीच्या फोनवर जाणारी सूचना इंटरनेटवरून जाते, तिला दोन्ही बाजूंचं नेट चालू लागतं. घरच्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. दूरच्या फोनवर काही आलं नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नव्हे.

नवी मुंबईत महापे, ऐरोलीच्या काही ऑफिसांत आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या काही कारखान्यांत फोन गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तिथे माणूस मजल्यावर आणि अलार्म लॉकरमध्ये. तुमच्या सेन्सरला वेगळा रीडर मिळत असेल तर तो वापरा. मात्र काही यंत्रांत सेन्सर ज्यावर सुरू केला त्यावरच अलार्म येतो, म्हणून रीडरवरच सुरू करा. डॉक्टरांचं पत्र दाखवून तो जवळ ठेवायची परवानगी मागा. शेजारी बसणाऱ्या एका सहकाऱ्याला ग्लुकोज कुठल्या कप्प्यात आहे तेही सांगून ठेवा.

घोडबंदर रोडवर गाडी काढण्याआधी आकडा बघा. ९० च्या खाली असेल तर आधी खा. वाटेत अलार्म वाजला तर गाडी कडेला घ्या, साखर खा, आणि आकडा नीट आल्यावरही पाऊण तास स्टिअरिंगला हात लावू नका. मेंदूला भानावर यायला तेवढा वेळ लागतो.

खोटा लो आणि खरा लो

रात्री २ वाजता आकडा एकदम ५० वर घसरतो आणि कूस बदलल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ९५ वर येतो. हे बहुतेक वेळा दाबामुळे होतं. सेन्सर असलेल्या दंडावर झोपलं की तिथल्या पेशींभोवतीचा द्रव दबतो आणि आकडा खोटा खाली येतो. असे दोन-तीन अलार्म झाले की घरातले वैतागून रात्रीचा अलार्मच बंद करतात. त्यापेक्षा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावा. ज्या कुशीवर झोपता त्या बाजूला नको.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. ती रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असते. म्हणून आकड्याइतकाच त्याच्या शेजारचा, साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा बाण महत्त्वाचा. आकडा ९५, पण बाण सरळ खाली, म्हणजे साखर दर मिनिटाला २ किंवा त्याहून जास्त उतरतेय. १५ मिनिटांत ती ६५ वर असेल. ९५ बघून ‘छान आहे’ म्हणत अंघोळीला जाऊ नका.

घाम फुटलाय, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध होतंय आणि सेन्सर ११० दाखवतोय, तर अंगावर विश्वास ठेवा आणि बोट टोचून ग्लुकोमीटरवर तपासा. त्याआधी हात साबणाने धुवा. नुकताच आंबा कापलेल्या बोटावर ६० ची साखर १५० सुद्धा दिसू शकते. मीटर हाताशी नसेल तर वाट न बघता साखर द्या. बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो.

व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी दिवसाला एकाहून जास्त घेतली तर काही सेन्सर साखर आहे त्याहून जास्त दाखवतात, आणि खरा लो झाकला जातो. सर्दीच्या दिवसांत हे लक्षात ठेवा.

अलार्म वाजल्यावर चुकीचं खाणं

७० च्या खाली लो, ५४ च्या खाली गंभीर. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पावडरचे साधारण तीन भरलेले चहाचे चमचे अर्धा कप पाण्यात. १५ मिनिटं थांबा, बोट टोचून बघा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. पेढा, चॉकलेट किंवा बिस्किटं लगेच उपयोगाची नाहीत. त्यातलं तूप-मैदा पचायला वेळ लागतो.

सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट: मधुमेहाच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का बघा. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत व्होग्लिबोज असणं आपल्याकडे सर्रास आहे. हे औषध साध्या साखरेचं आतड्यात विघटन होऊ देत नाही. त्यामुळे अशा माणसाला साखर, गूळ किंवा सरबत दिलं तरी आकडा वेळेत वर येत नाही. त्याला शुद्ध ग्लुकोजच लागतं. पाकिटावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलंय याची खात्री करा. काही स्वादांच्या पावडरीत साधी साखरही मिसळलेली असू शकते.

सेन्सर मागे असल्यामुळे ग्लुकोज दिल्यावरही दहा-पंधरा मिनिटं तो लोच दाखवतो. घाबरून घरातले आणखी दोन ग्लास पाजतात आणि तासाभरात साखर २८० होते. म्हणून फेरतपासणी मीटरवरच करायची.

आकडा सुधारल्यावर जेवण किंवा पोळी-भाजी द्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम लांबतो. वय झालेलं, मूत्रपिंड अशक्त आणि त्यात एकादशीचा उपास, तर दुपारी चढवलेली साखर रात्री पुन्हा उतरते. असा लो आल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उपास करायचाच असेल तर गोळीचं काय करायचं ते आधी विचारा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरही नाही, मधही नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

अलार्मचा आकडा

बऱ्याच जणांना ७० ठीक असतो. लक्षणं न जाणवणाऱ्या किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाला डॉक्टर बहुधा ८० सांगतात, म्हणजे हालचाल करायला वेळ मिळतो. १०० वर ठेवला तर दिवसभर वाजतो आणि चौथ्या दिवशी कुणी लक्ष देत नाही. ५५ चा तातडीचा वेगळा अलार्म असेल तर तो बंद करू नका. अनेक यंत्रांत अलार्म एकदा बोटाने घालवला की त्याच लोसाठी पुन्हा वाजत नाही. झोपेत बोट लावून कूस बदलणं म्हणूनच धोक्याचं.

लावताना

जागा दंडाची मागची बाजू. तेल आणि क्रीम नको. स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. ब्लाउजच्या बाहीची शिवण जिथे टेकते तिथे लावला तर चार दिवसांत कड उचलली जाते, म्हणून बाहीच्या खाली किंवा पूर्ण आत लावा. पावसाळ्यात घाम आणि लोकलमधल्या पिशव्यांचे पट्टे यांनी तो निघतो, वरून पारदर्शक चिकटपट्टी घ्या, पण सेन्सरला हवेसाठी छिद्र असेल तर ते झाकू नका. दिवाळीच्या अभ्यंगाला तेवढा भाग तेलापासून वाचवा.

नवा सेन्सर झोपायच्या वेळी सुरू करू नका. बहुतेक सेन्सरमध्ये पहिला तास आकडेच येत नाहीत, म्हणजे अलार्मही नाही, आणि पहिल्या दिवशी आकडे जास्त चुकतात. सकाळी लावा.

एकदा वाजवून बघा

सगळं लावून झालं की रविवारी जेवणानंतर जास्त साखरेचा अलार्म १२० वर आणा. तो वाजणारच. फोन नेहमीच्या जागी, दार बंद, पंखा चालू, आणि दुसऱ्या खोलीत झोपणाऱ्यालाही ऐकू येतोय का बघा. ऐकू येत नसेल तर फोनची जागा किंवा सूर बदला, पुन्हा वाजवा. साखर लो झाल्याचा सूर वेगळा असेल तर तोही सगळ्यांना ऐकवा. मग १२० चा आकडा आधी होता तिथे नेऊन ठेवा आणि ग्लुकोजचा डबा पलंगाशेजारी ठेवा, झाकण सैल करून.