रात्रीचे फोटो: आधी फोकस, मग बाकी सगळं

रात्रीचे फोटो काढायला पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा दीडशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे छान दिसत होते. घरी कॉम्प्युटरवर उघडले, तर तारे म्हणजे कापसाचे बोळे! फोकस केसभर चुकला होता आणि रात्रभर तसाच राहिला. तेव्हापासून कोणी विचारलं, की मी फोकसपासूनच सुरुवात करते.

अंधारात ऑटोफोकसला धरायला काही मिळत नाही, लेन्स नुसती मागेपुढे फिरत राहते. म्हणून ती मॅन्युअलवर टाका. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे लेन्समधलं दृश्य स्क्रीनवर थेट दिसतं त्यात, एखादा ठळक तारा किंवा लांबचा दिवा घ्या, स्क्रीनवर होईल तेवढा मोठा करा आणि रिंग अगदी हळू फिरवा. ठिपका बारीक होत जातो आणि एका जागेनंतर पुन्हा फुगायला लागतो. जिथे सगळ्यात बारीक दिसला, तिथे परत या. लेन्सवरच्या अनंताच्या (∞) खुणेवर विसंबू नका, बऱ्याच लेन्स तिच्याही पुढे फिरतात. जमलं की रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. झूम बदललात तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

ट्रायपॉड हवाच. त्याचा मधला दांडा वर काढू नका, वाऱ्यात तोच आधी हलतो. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवा आणि बटण दाबल्याचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, घ्या.

पहिल्या दिवशी ताऱ्यांच्या मागे लागू नका. सूर्य मावळल्यावर आकाश थोडा वेळ गडद निळं असतं. तेव्हा आकाश आणि दिवे यांच्या उजेडात फार फरक नसतो, त्यामुळे दोन्ही एका फोटोत नीट येतात. नंतर आकाश काळं पडतं आणि दिवे पांढरे फटक होतात. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ/८, शटर ५ ते १० सेकंद इथून सुरू करा आणि फोटो बघून शटर कमीजास्त करा.

पूर्ण अंधारात चौकट जुळवताना दर वेळी अर्धा मिनिट थांबत बसायची गरज नाही. आयएसओ ३२०० वर १ सेकंदात जेवढा उजेड फोटोत दिसतो, तेवढाच आयएसओ १०० वर ३२ सेकंदांत दिसतो. आधी १ सेकंदाचे खरखरीत फोटो काढून क्षितिज सरळ करा, नको त्या गोष्टी बाहेर काढा, मग आयएसओ उतरवून ३० सेकंदांचा खरा फोटो घ्या. ही युक्ती कळल्यावर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या.

हे तारे सोडून बाकीच्यांसाठी. पृथ्वी फिरते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने) भागा, म्हणजे शटर जास्तीत जास्त किती सेकंद ठेवायचं ते कळतं: फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर, २० मिमी लेन्सला २५ सेकंद. लहान (एपीएस-सी) सेन्सर असेल तर फोकल लेंग्थला आधी साधारण दीडने गुणा. बारकाईने पाहिलं तर एवढ्या वेळातही तारे किंचित लांबट दिसतात, म्हणून मी थोडं कमीच धरते. अ‍ॅपर्चर होईल तेवढं उघडा आणि आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला कचरू नका. चंद्राचं मात्र उलट. त्याच्यावर ऊनच पडलेलं असतं, त्यामुळे पौर्णिमेला आयएसओ १००, एफ/११, शटर १/१०० च्या आसपास पुरतं.

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन फसवते. फोटो उजळ वाटतो आणि सकाळी काळा निघतो. स्क्रीनचा उजेड कमी करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा. डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, म्हणून टॉर्च लाल आणि मंद वापरा.

जागा दिवसाउजेडी पाहून ठेवा आणि शक्यतो कोणाला तरी सोबत घ्या. उशिरा लेन्सवर दव बसतं. दर अर्ध्या तासाने काच बघा, मऊ कापडाने पुसा, आणि पुसताना रिंगला हात लागला असेल असं धरूनच फोकस पुन्हा तपासा.